राजमान्य, लोकमान्य आणि लेजिटिमेट

दादर स्टेशनबाहेर पालिकेची अतिक्रमणवाली गाडी येऊन गेली, की पुढचे चार दिवस एक जुना वाद नव्यानं सुरू होतो. टोपल्या, ताडपत्र्या, लोखंडी स्टँड गाडीत फेकले जातात, कोथिंबिरीच्या जुड्या पायाखाली जातात, आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांवर दोन फळ्या पडतात. एक म्हणते, ‘फेरीवाले बेकायदेशीर आहेत, विषय संपला.’ दुसरी म्हणते, ‘घरी जाताना भाजी तुम्ही त्यांच्याकडूनच घेता ना? मग समाजानं त्यांना कधीच मान्य केलंय.’ गंमत म्हणजे दोन्ही बाजू एकच इंग्रजी शब्द वापरतात: लेजिटिमेट. पहिल्यांच्या तोंडी त्याचा अर्थ ‘लायसन असलेला’, दुसऱ्यांच्या तोंडी ‘लोकांना चालणारा’. झोपडपट्टीचा वाद असो, पक्षफुटीचा असो की चढवलेल्या मजल्यांचा, हा शब्द येतोच. आणि येतो तो बहुधा समोरच्याचं बोलणं बंद करायला.

माझं म्हणणं असं, की हे दोन्ही अर्थ अपुरे आहेत आणि म्हणूनच हा वाद इतक्या वर्षांत इंचभरही पुढे सरकलेला नाही. एखादी गोष्ट कायद्यात बसते एवढ्यानं ती लेजिटिमेट होत नाही; चार लोकांना, किंवा चाळीस लाखांना, ती चालते एवढ्यानंही होत नाही. एखाद्या सत्तेचा, नियमाचा किंवा हक्काचा भार ज्याच्यावर पडतो, त्याच्या डोळ्यांत बघून ‘तू हे का मानायचंस’ याचं कारण देता आलं पाहिजे. ते देता आलं तर लेजिटिमेट. कायद्याचा शिक्का हा या खटल्यातला एक पुरावा, आणि चांगला वजनदार पुरावा. लोकांची संमती हा दुसरा. पण पुराव्यालाच निकाल समजून आपण कोर्टातून घरी निघालो आहोत.

हा फरक काही परदेशातून आणावा लागत नाही. जुन्या मराठी पत्रांचा मायना ‘रा. रा.’ असा असे, म्हणजे राजमान्य राजश्री. ज्याला राजानं मानलं तो राजमान्य. आणि ज्या माणसाला सरकारनं राजद्रोही ठरवून तुरुंगात धाडलं, त्याला लोकांनी दिलेली पदवी कोणती? लोकमान्य. सरकारी मान्यता आणि लोकांची मान्यता या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एक असून दुसरी नसू शकते, हे आपल्या भाषेला ठाऊक होतं. त्याशिवाय शास्त्रसंमत, शिष्टमान्य, रास्त, वाजवी हे शब्द होतेच. ‘लेजिटिमेट’ची अडचण अशी की तो या सगळ्यांच्या अंगणात थोडा थोडा पाय ठेवून उभा राहतो. राज्यशास्त्राच्या पुस्तकांनी त्याला ‘अधिमान्यता’ असा प्रतिशब्द दिला. तो परीक्षेच्या पेपरात राहिला, बाजारात आला नाही. कोर्टाच्या मराठीत ‘वैध’ आलं आणि त्यानं शब्दाचा अर्धा अर्थ कापून टाकला.

इंग्रजीतही हा शब्द सरळ मार्गानं आलेला नाही. मूळ लॅटिन, ‘लेक्स’ म्हणजे कायदा. पण इंग्रजीत तो आधी रुजला तो मुलांच्या बाबतीत: विधिवत लग्नातून जन्मलेलं मूल लेजिटिमेट, बाकीची नाहीत. आपलं औरस-अनौरस. पुढे तो राजांना चिकटला. नेपोलियन पडल्यावर व्हिएन्नाच्या परिषदेत फ्रेंच मुत्सद्दी तालेराँनं याच शब्दाच्या बळावर फ्रान्सच्या बूर्बाँ राजघराण्याची बाजू लढवली, आणि १८३० नंतर त्या घराण्याच्या थोरल्या शाखेला धरून राहिलेल्या फ्रेंच लोकांना ‘लेजिटिमिस्ट’ असंच नाव पडलं. आज कॉलेजातली मुलं एखादी स्वस्त वस्तू विकणारी वेबसाइट दाखवून विचारतात, ‘लेजिट आहे का रे?’ म्हणजे फसवणार तर नाही ना. मूल, राजा आणि वेबसाइट. तिन्ही ठिकाणी प्रश्न तोच आहे: समोर जे उभं आहे त्याला मी काय म्हणून मानू?

आणि मुलांच्या बाबतीत तर कायद्यानंच आपली जुनी फूटपट्टी बदलली. हिंदू विवाह कायद्याच्या सोळाव्या कलमात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि रद्दबातल लग्नातून झालेली मुलंही औरस ठरली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुढचं पाऊल टाकलं: एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत आईवडिलांच्या वाट्याला जे आलं असतं, त्यात या मुलांचा हिस्सा आहे. लग्न अवैध आणि मूल लेजिटिमेट. ज्यानं काही केलंच नाही त्याच्या कपाळावर शिक्का मारण्याला कारण देता येत नव्हतं, म्हणून कायद्याला सरकावं लागलं. कायद्यात असणं हीच जर लेजिटिमेट असण्याची व्याख्या असती, तर कायदा बदलण्याची गरज कुणाला कशाच्या आधारावर वाटली असती?

मुंबईत राहणाऱ्या माणसाला यासाठी व्हिएन्नाला जायची गरज नाही. उच्च न्यायालयाच्या इमारतीत, मधल्या कोर्टाबाहेर, एक संगमरवरी शिळा आहे. १९०८ च्या जुलैमध्ये याच ठिकाणी टिळकांवर ‘केसरी’तल्या लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला चालला. खटला कायद्याला धरूनच होता. कलम १२४ अ होतं, आरोपपत्र होतं, ज्यूरी होती. ज्यूरीनं सात विरुद्ध दोन असा कौल दिला आणि न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. (हेच दावर १८९७ च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. खुर्ची बदलली की माणसाला कायदा वेगळा दिसतो, असं म्हणायचा मोह होतो, पण तो आवरतो.) टिळकांनी त्यावर जे म्हटलं ते सगळ्यांना पाठ आहे: ज्यूरीचा निकाल काहीही असो, मी निर्दोष आहे, आणि जगाचे व्यवहार चालवणाऱ्या शक्ती याहून वरच्या आहेत. बाहेर गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. १९५६ साली त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी टिळकांचे ते शब्द कोरून तिथे लावले. निकाल कायदेशीर होता, हे आजही कुणी नाकारत नाही. तरी ज्या न्यायालयानं तो दिला त्याच न्यायालयानं तो आपल्या भिंतीवर खोडून काढला. ‘कायदेशीर आहे, विषय संपला’ म्हणणाऱ्यांनी एकदा ती शिळा वाचून यावी.

मग लोकमान्यता हीच खरी कसोटी का? इथे दुसऱ्या फळीची कळी खुलते, म्हणून लगेच गिरगावातल्या रखमाबाईची आठवण करून देतो. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली ही मुलगी मोठी झाल्यावर दादाजी भिकाजीकडे नांदायला गेली नाही. त्यानं दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. कायदा तिच्या विरोधात होता. आणि समाज? बहुसंख्य समाजही तिच्या विरोधात होता. टिळकांच्या ‘केसरी’नं तर तिच्यावर टीकेची झोड उठवली. राजमान्य आणि लोकमान्य दोन्ही एका बाजूला, आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला. तरीही आज कोण म्हणेल की नवऱ्याचा तो हक्क लेजिटिमेट होता? त्यातली खोच अशी, की बायकोला कोर्टाकरवी नांदायला आणण्याचा हा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतून आला होता, आणि पिन्ही यांनी हे निकालात बोलूनही दाखवलं होतं. धर्म बुडाला म्हणून ओरडणारे लोक एका विलायती कायद्याचं रक्षण करत होते! अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतेला, राजकोटला त्यांनी आयुष्यभर रुग्ण तपासले.

तिसरं उदाहरण महाडचं, आणि ते या दोन्हींपेक्षा अवघड आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई विधिमंडळानं १९२३ साली मंजूर केला. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे सरकारी मान्यता होती. गावाची नव्हती, म्हणून तीन वर्षं एकाही अस्पृश्यानं त्या तळ्यावर ओंजळ भरली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ती भरली, तेव्हा लोकांवर लाठ्या पडल्या आणि गोमूत्र-शेणानं तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. गावच्या ‘लोकमान्यते’नं नगरपालिकेवर एवढा दाब आणला की तिनं आपला ठरावच मागे घेतला. ‘लोकांना चालतं ते लेजिटिमेट’ हे सूत्र इथे लावून बघा. मूठभरांचा न्याय्य हक्क गावाला चालत नाही म्हणून तो हक्कच नाही, हे तुम्ही मान्य कराल? जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनं सत्तेला लोक का मानतात याची तीन कारणं सांगितली, परंपरा, नेत्याचं तेज आणि नियम, आणि तेव्हापासून पुष्कळांना वाटतं की लोक मानतात हेच लेजिटिमेट असण्याचं लक्षण. वेबर लोक काय मानतात ते मोजत होता. लोकांनी काय मानावं हा त्याचा प्रश्नच नव्हता. तापमापकानं ताप समजतो, औषध ठरत नाही.

आता माझ्या विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा. तो पुन्हा बाबासाहेबांचाच आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी बजावलं, की सनदशीर मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण. परकीय सरकारच्या काळात टिळकांनी वरच्या शक्तीचा दाखला देणं समजण्यासारखं होतं. तेव्हा कायदा करणारे आपले नव्हते. आता आपण निवडून दिलेली विधानसभा कायदा करते. त्यावर प्रत्येकानं उठून ‘कायदेशीर असेल, पण लेजिटिमेट नाही’ म्हणायला सुरुवात केली, तर ज्याच्या अंगात जोर त्याचा शब्द खरा ठरेल. मुंबईला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. ‘आम्ही ठरवू काय योग्य ते’ म्हणत दुकानांच्या काचा फोडणारे जमाव इथल्या प्रत्येक पिढीनं पाहिले आहेत, आणि त्यातल्या प्रत्येक जमावाला आपण लोकमान्य आहोत याची खात्री होती.

हा मुद्दा मला मान्य आहे, आणि अर्धामुर्धा नाही. नियमाचा सोपस्कार हा नुसता सोपस्कार नसतो, याची साक्ष रायगड देतो. १६७४ पर्यंत शिवाजी महाराजांकडे काय नव्हतं? किल्ले होते, फौज होती, खजिना होता, रयतेचं प्रेम होतं. तरी गागाभट्टांना बोलावून ६ जूनला विधिवत राज्याभिषेक करवून घ्यावासा त्यांना वाटला. कारण दिल्ली-विजापूरच्या दप्तरात ते एका सरदाराचे बंडखोर पुत्र होते आणि बंडखोराच्या सनदेला किंमत नसते. अभिषेकानंतर त्यांची सनद ही राजाची सनद झाली, आणि मुंबईहून आलेल्या इंग्रज वकिलाला, हेन्री ऑक्झिंडनला, वाटाघाटी कुणाशी करायच्या हे स्पष्ट झालं. लोकांची मान्यता असूनही शिक्का लागला. सोपस्काराशिवाय हक्क उद्यावर टिकत नाही.

पण बाबासाहेबांनी महाडला स्वतः काय केलं तेही बघायला हवं. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्यांदा तळ्यावर जायची तयारी झाली तेव्हा सनातन्यांनी तळं खाजगी असल्याचा दावा लावून कोर्टाची तात्पुरती मनाई आणली. बाबासाहेबांनी ती पाळली. पाण्याला हात न लावता मिरवणूक तळ्याभोवती फिरून परतली. पुढे खटला लढत लढत मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला, की हे तळं स्पृश्यांच्या खाजगी मालकीचं नाही. दहा वर्षं! या दहा वर्षांत त्यांनी कोर्टाचा हुकूम मानला, पण ‘कोर्टाची मनाई आहे, विषय संपला’ असं मानलं नाही. कायदा पाळणं वेगळं आणि त्याला शेवटचा शब्द समजणं वेगळं. त्यामुळे १९४९ च्या भाषणातला इशारा मी असा वाचतो: कायदा मोडण्याआधी दहा वेळा विचार करा. कायद्याला जाब विचारू नका, असं त्यात कुठेही नाही. उलट त्याच भाषणात, राजकीय समता आणि सामाजिक विषमता ही विसंगती फार काळ ठेवलीत तर हा सगळा डोलारा उडवून दिला जाईल, असंही त्यांनी बजावलं होतं. लोक नियम का मानतील, ही चिंता त्यांना आपल्यापेक्षा जास्त होती.

आता परत फुटपाथवर येऊ, कारण ‘बेकायदेशीर’ या शब्दाची सर्वांत जास्त उधळपट्टी तिथे चालते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पालिका बिनपरवाना फेरीवाल्यांकडून पैसे घेऊन पावती देत असे. ती पावती कशाची? अनधिकृतपणे जागा व्यापल्याचं आणि कचरा उचलण्याचं शुल्क. म्हणजे कागदावरच लिहिलेलं, की तू बेकायदा बसला आहेस, आणि त्याच कागदाखाली पैसे मिळाल्याची पोच. पुढे न्यायालयात प्रकरणं गेली आणि पावत्या थांबल्या, पण फेरीवाल्यांनी त्या जपून ठेवल्या. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला तो कागद माणूस काढून दाखवतो तेव्हा तो काय सांगत असतो? ‘मी इतकी वर्षं इथे आहे आणि तुम्हाला ते ठाऊक होतं.’ ज्यानं हात पसरून शुल्क घेतलं त्यानंच पुढे गाडी पाठवून टोपली उचलायची, याला अधिकार असेल. पण बसलेल्यानं तो का मानावा याचं कारण कोण देणार?

त्यातून आता कायदाही बदलला आहे, हे वादात कुणी बोलतच नाही. संसदेनं २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा केला. शहरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा द्या. नगर पथविक्रेता समिती नेमा, तिच्यात चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे निवडून आलेले असावेत. आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवू नका, असं तो स्पष्ट सांगतो. मुंबईत ही समिती, ही यादी, ही क्षेत्रं सगळं वर्षानुवर्षं रखडत राहिलं. मग बेकायदेशीर कोण? प्रमाणपत्र नसलेला फेरीवाला, की प्रमाणपत्र देण्याचं काम न करणारी यंत्रणा? जिनं स्वतः नियम पाळलेला नाही तिनं दुसऱ्याला नियम दाखवला की कायद्याचं नाव घेऊनही लेजिटिमसी गळून पडते. हे मी फेरीवाल्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला २३ माणसं चेंगरून मेली, तो पूल आणि त्याच्या तोंडाशी उतरणारे रस्ते मला माहीत आहेत. त्यानंतर महिनाभरानं उच्च न्यायालयानं स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं सांगितलं, तेही योग्यच होतं. चालणाऱ्याचा रस्त्यावरचा हक्क हा फेरीवाल्याला तोंडावर सांगता येईल असं खणखणीत कारण आहे. ते कारण सांगा, मीटर मोजा, आणि दीडशे मीटरपलीकडे कुठे बसायचं तेही सांगा. यातलं शेवटचं तेवढं कायम राहून जातं.

हा तोल सांभाळायचा प्रयत्न आपल्याकडे पूर्वी झालेला आहे. १९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवर राहणाऱ्यांना बसमध्ये भरून शहराबाहेर सोडायचा हुकूम निघाला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठानं निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, हे त्यांनी मान्य केलं. फुटपाथ अडवण्याचा हक्क मात्र कुणाला नाही, हेही सांगितलं. पालिकेच्या १८८८ च्या कायद्यातलं ३१४ वं कलम नोटीस न देता हटवायची मुभा देतं, पण तो अपवाद समजा, आधी ऐकून घेणं हा नियम, असा त्याचा अर्थ लावला. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, हात लावू नका असंही सांगितलं. फुटपाथवाले या खटल्यात हरले, हे लक्षात ठेवा. पण हरताना त्यांना कारण मिळालं, मुदत मिळाली, आणि आपलं म्हणणं ऐकलं गेलं. हरणाऱ्यालाही मानता येईल असा निकाल, याहून लेजिटिमेटची बरी व्याख्या मला सापडलेली नाही.

‘पण नियम म्हणजे नियम, त्यात माणूस बघायचा नाही,’ असं म्हणणाऱ्यांना मी वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये घेऊन जाईन. परवानगी पाच मजल्यांची, एक इमारत गेली वीसपर्यंत. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये वरचे मजले पाडायला सांगितले तेव्हा झोपडपट्टी पाडताना टाळ्या वाजवणाऱ्या कितीतरी सुशिक्षितांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिल्डरनं फसवलं हो, त्यांची काय चूक, इतकी वर्षं राहिले, मुलं तिथेच वाढली. खरं होतं ते. पण हे सगळे मुद्दे झोपडीतला माणूसही मांडतो, आणि तेव्हा ते आपल्याला कांगावा वाटतात. त्याच्या बाबतीत सरकारनं कारणाऐवजी तारीख दिली आहे. आधी १ जानेवारी १९९५, मग २०००, मग पैसे भरून २०११. तारखेच्या आदल्या दिवशी झोपडं असलेला पात्र, दुसऱ्या दिवशीचा अपात्र, आणि ज्याच्याकडे वीजबिल आहे पण मतदार यादीत नाव नाही तो परिशिष्ट-२ साठी, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीसाठी, खेटे घालतो. तारीख लागतेच, कुठेतरी रेघ मारावीच लागते, हे मला कळतं. पण प्रत्येक निवडणुकीच्या वाऱ्यावर ती रेघ सरकत असेल, तर ती मानायचं कारण उरत नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकून राहायचं, एवढाच धडा लोक त्यातून घेतात. सरकारी मराठीत या सगळ्याला ‘नियमानुकूल करणे’ म्हणतात. नियमाला अनुकूल कोण झालं, बांधकाम की नियम, हे मात्र त्या शब्दावरून समजत नाही.

कायद्यानं लोकव्यवहाराच्या मागे धावत जाण्याचं आणखी एक मुंबईकर उदाहरण म्हणजे पागडी, भाड्याची जागा देता-घेताना भाड्याखेरीज मोजली जाणारी एकरकमी रक्कम. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि पागडी घेणं गुन्हा ठरवला. गिरगाव, परळ, लालबाग, काळबादेवी, सगळीकडे ती पन्नास वर्षं उघड उघड घेतली-दिली गेली. मालकाला, भाडेकरूला, दलालाला, सगळ्यांनाच माहीत. २००० साली अमलात आलेल्या नव्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती कायदेशीर केली. काल गुन्हा, आज व्यवहार. मध्ये पागडीचा स्वभाव काही बदलला नव्हता. म्हणून पागडी लेजिटिमेट होती का? मला वाटतं नव्हती, आणि शिक्का बसल्यावरही पूर्णपणे झाली नाही. गोठलेल्या भाड्याचा अन्याय मालकावर, आणि त्याची भरपाई नव्यानं घर शोधणाऱ्या तिसऱ्याच माणसाच्या खिशातून. त्या तिसऱ्याला कुणी काही विचारलं नाही. सर्वांना चालत होतं आणि पुढे कायद्यातही बसलं, तरी भार ज्याच्यावर पडला त्याला कारण कधी मिळालं नाही.

कागदच बघायचे म्हणाल, तर या शहराचाच कागद बघा. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं तहात बेटं पोर्तुगिजांना दिली. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सकडे गेली. त्यानं १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्यानं ती कंपनीला देऊन टाकली. प्रत्येक कागद सहीशिक्क्याचा, चोख. आणि यातल्या एकाही व्यवहारात कोळीवाड्यातल्या कुणाला ‘तुमचं काय म्हणणं?’ असं विचारलेलं नाही.

राजकारणात हा शब्द हल्ली ज्या तावातावानं वापरला जातो त्याविषयी थोडंच बोलतो, कारण तिथे बोललेलं प्रत्येक वाक्य कुठल्यातरी गटाच्या खात्यावर जमा होतं. खरी शिवसेना कोणती, या वादात ११ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन्ही गटांनी आपला विजय म्हणून साजरा केला. न्यायालयानं सांगितलं होतं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं. आणि हेही, की मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत बसवता येत नाही. एकानं पहिलं वाक्य घेतलं, दुसऱ्यानं दुसरं. सरकार कायदेशीर आहे का, याचं उत्तर न्यायालय देऊ शकतं आणि ते दिलं. मतदारानं ते का मानावं, याचं उत्तर न्यायालयाकडे मागणं हीच चूक आहे. ते नेत्यांनी मतदाराला द्यायचं असतं, आणि विधानसभेच्या एका निवडणुकीतही ते कायमचं देऊन होत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो: एवढी कारणं देत बसलो तर शहर चालणार कसं? प्रत्येक फेरीवाल्याची सुनावणी, प्रत्येक झोपडीची चौकशी, पालिकेला दुसरं काम नाही का? मी उलट विचारतो, आत्ता चालतंय का? गाडी येते, टोपली उचलते, दंड भरून टोपली परत येते, पुढच्या आठवड्यात पुन्हा गाडी. मधल्या वेळात हप्ता नावाची एक समांतर लायसन पद्धत बिनबोभाट चालते, जिला ना कायदा मानतो ना समाज, तरी जी पालिकेच्या कुठल्याही परवान्यापेक्षा नियमित वसूल होते. कारण न देता राबवलेल्या कायद्याचा खर्च असा भरावा लागतो, आणि तो जमाखर्चात कुठेच दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी पालिकेनं २०१४ च्या कायद्यानुसार जागा द्यायच्या म्हणून रस्त्यांवर फेरीवाल्यांसाठी चौकोन आखायला घेतले. तेव्हा सर्वांत मोठा विरोध कुणी केला? ‘फेरीवाले बेकायदेशीर आहेत’ म्हणणाऱ्या त्याच सोसायट्यांनी. कायदेशीर जागा द्या, पण आमच्या गल्लीत नको. म्हणजे आक्षेप लायसनला कधी नव्हताच. आपल्या खिडकीखाली कुणी बसावं का, या प्रश्नाला सोयीचं उत्तर हवं होतं आणि ‘बेकायदेशीर’ हा शब्द हाताशी होता. गल्ली अरुंद आहे, शाळेचं फाटक समोर आहे, रुग्णवाहिका वळत नाही, ही सगळी सांगता येण्यासारखी कारणं आहेत, आणि नगर पथविक्रेता समितीत रहिवासी संघांनाही जागा ठेवलेली आहे ती नेमकी हेच सांगायला. तिथे समोरच्या बाकावर भाजीवाली बसलेली असेल. तिच्या तोंडावर सांगून जे टिकेल ते ठेवा, आणि जे तिच्यासमोर म्हणायला जीभ रेटणार नाही, ते व्हॉट्सअॅपवरही म्हणू नका.